‘व्हीगन’ म्हणजे नेमके काय, आणि अशा मुलींसाठी डबा कसा करावा?

स्वयंपाकघरातून यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी पुण्यात गेली चौदा वर्षे विद्यार्थ्यांची मेस चालवते. दोन्ही वेळचे मिळून साठेक डबे जातात आणि पंधरा-वीस मुले घरी येऊन पानावर बसतात. जेवण पूर्ण शाकाहारी असते, अंडेसुद्धा माझ्या ओट्यावर येत नाही. त्यामुळे या महिन्यात नव्याने लागलेल्या दोन मुलींनी पहिल्याच दिवशी, “काकू, आम्ही व्हीगन आहोत, चालेल ना?” असे विचारले, तेव्हा “अगं, आपल्याकडे सगळे शुद्ध शाकाहारीच असते,” असे सांगून मी निश्चिंत झाले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ताटांत वरणभात तुपाच्या धारेसकट तसाच राहिलेला होता, दह्यातली कोशिंबीर बाजूला सारलेली होती आणि कढीची वाटी भरलेली परत आली. पोळी आणि कोरडी भाजी एवढ्यावर त्या उठल्या होत्या. ताटात अन्न टाकलेले मला पाहवत नाही, आणि माझ्या घरून कोणी अर्धपोटी उठावे हे तर मुळीच नाही. म्हणून संध्याकाळी दोघींना बसवून घेतले आणि सविस्तर विचारले.

दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर, खवा, मध यांपैकी काहीही चालत नाही, असे त्यांनी सांगितले. मांस, मासे आणि अंडी यांचा तर प्रश्नच नाही. यादी मला कळली, पण तिच्यामागचा विचार पुरता उमगला नाही. दूध काढल्याने गाय मरत नाही, मग ते वर्ज्य का? मध का नको? कांदा-लसूण मात्र चालतो, हे कसे? साखरेबद्दलही त्यांच्यात आपापसांत एकमत नव्हते.

दुसरा प्रश्न रोजच्या कामाचा आहे. दोघींसाठी वेगळा स्वयंपाक मांडणे मला परवडणार नाही आणि हाताखालच्या मावशींनाही ते झेपणार नाही. आहे त्याच स्वयंपाकात काय बदल केला म्हणजे त्यांचे जेवण व्यवस्थित होईल? रविवारी आमच्याकडे फीस्ट असते आणि गोडात श्रीखंड, बासुंदी किंवा गुलाबजाम असतात. त्या दिवशी या मुलींनी काय खावे?

तिसरी गोष्ट मला जास्त काळजीत टाकते. मुली एकोणीस-वीस वर्षांच्या आहेत आणि घरापासून लांब राहतात. मी स्वतः रोज दूध-दही खाणारी असूनही दोन वर्षांपूर्वी माझे बी-१२ फार कमी निघाले आणि इंजेक्शने घ्यावी लागली. मग या मुलींचे काय होणार? जाणकारांनी कृपया सांगावे.

हिरवी_वाट यांचा प्रतिसाद

काकू, आपण त्या मुलींना समजावून सांगायच्या आधी विचारून घेतलेत, याचे मला फार बरे वाटले. मी अकरा वर्षे व्हीगन आहे आणि आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

हा शब्द १९४४ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडात तयार झाला. डोनाल्ड वॉटसन नावाचे सुतारकाम शिकवणारे एक शिक्षक आणि त्यांचे काही सहकारी शाकाहारी होते, पण दूध आणि अंडीही घेत नव्हते. तिथल्या शाकाहारी संस्थेच्या मासिकात आपल्या विचारासाठी थोडी जागा मिळावी, अशी त्यांची विनंती होती. ती मान्य झाली नाही, तेव्हा त्यांनी स्वतःचे छोटे पत्रक काढले आणि ‘व्हेजिटेरियन’ या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमधली पहिली तीन व शेवटची दोन अक्षरे जोडून ‘व्हीगन’ हे नाव घेतले. पुढे त्यांच्या संस्थेने जी व्याख्या स्वीकारली तिचा आशय असा आहे की, अन्न, वस्त्र किंवा अन्य कोणत्याही कारणासाठी होणारे प्राण्यांचे शोषण आणि त्यांच्यावरील क्रौर्य, शक्य आणि व्यवहार्य असेल तितके टाळायचे. ‘शक्य आणि व्यवहार्य असेल तितके’ हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. एखादे जीवरक्षक औषध प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनणाऱ्या जिलेटिनच्या कॅप्सूलमध्येच मिळत असेल, तर ते घेणारा माणूस व्हीगन राहत नाही, असे कोणी म्हणत नाही.

आपला गोंधळ जिथे होतो ती जागा मला ‘शुद्ध’ या शब्दात दिसते. आपल्याकडचा शाकाहार बऱ्याच अंशी पावित्र्याच्या कल्पनेवर उभा आहे. त्यात कांदा-लसूण तामसी ठरतो, जैन घरांत कंदमुळे वर्ज्य असतात, आणि दूध-तूप मात्र सर्वांत सात्त्विक मानले जाते. व्हीगन माणूस पदार्थ शुद्ध की अशुद्ध हे पाहतच नाही. ही वस्तू कोणत्या प्राण्याकडून घेतली आणि त्यासाठी त्याला काय सोसावे लागले, एवढेच तो विचारतो. म्हणून कांदा, लसूण, बटाटा, मुळा, गाजर सगळे चालते आणि तूप चालत नाही. देवापुढच्या पंचामृतात दूध, दही, तूप, मध आणि साखर असते, त्यातली साखर सोडली तर चारही वस्तू व्हीगन माणसाला वर्ज्य आहेत. नैवेद्याच्या पानात डावीकडे वाढतो ते दुसरे पंचामृत, म्हणजे तीळ, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, चिंच, गूळ आणि मिरच्या घालून शिजवलेले, ते मात्र पूर्णपणे चालते. एकाच नावाच्या या दोन पदार्थांत सगळा फरक दिसतो.

दुधाविषयी आपण विचारले आहे. गाय किंवा म्हैस व्याल्याशिवाय दूध देत नाही. दूध चालू राहावे म्हणून तिला पुन्हा पुन्हा गाभण ठेवावे लागते, आणि दर वेळी एक वासरू जन्माला येते. कालवड असली तर ती पुढे दूध देईल म्हणून सांभाळली जाते. गोऱ्ह्याचे किंवा रेडकाचे काय होते, आणि भाकड झालेल्या गाईला कोण पोसते, हे प्रश्न दुधाच्या पिशवीवर छापलेले नसतात. मधाच्या बाबतीत म्हणायचे तर मधमाश्यांनी स्वतःच्या पोळ्यासाठी साठवलेले ते अन्न आहे. रेशमाचे उदाहरण मला नेहमी बोलते. आपण ज्याला सोवळ्याचे वस्त्र म्हणतो, ते रेशीम काढण्यासाठी कोश आतल्या जिवंत कोशितासह गरम पाण्यात टाकतात किंवा वाफवतात, कारण पाखरू कोश फोडून बाहेर पडले की अखंड धागा मिळत नाही. आईची पैठणी मी जपून ठेवली आहे. नवी घेत नाही.

हा विचार आपल्याला अगदी परका आहे, असेही नाही. कलकत्त्यात गाई-म्हशींचे दूध शेवटच्या थेंबापर्यंत काढण्यासाठी होणाऱ्या छळाविषयी वाचल्यावर गांधीजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले होते. पुढे १९१९ च्या सुरुवातीला मुंबईत ते फार अशक्त झाले असताना, आपल्या व्रतात गाय आणि म्हैस होती, शेळी नव्हती, असे कस्तुरबांनी सुचवले आणि त्यांनी शेळीचे दूध घेतले. व्रताचे शब्द पाळले पण त्याचा आत्मा पाळला नाही, ही बोचणी त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. ज्या माणसाला दूध सोडणे जमले नाही, त्यालाही प्रश्न खरा आहे हे मान्य होते. म्हणून मला हा प्रसंग जवळचा वाटतो.

आता खरेदीचे. पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून व्हीगनची खात्री करू नका, कारण दूध आणि मध असलेल्या पदार्थांवरही तो असतो. २०२२ साली आपल्याकडे व्हीगन अन्नाचे स्वतंत्र नियम आले आणि त्यासाठी हिरव्या चौकटीत इंग्रजी ‘व्ही’ आणि वर छोटेसे पान असे वेगळे चिन्ह ठरले. ते अजून थोड्याच पाकिटांवर दिसते, म्हणून घटकांची यादी वाचावी लागते. तिच्यात मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन किंवा बटर दिसले की तो पदार्थ दुधाचा समजावा.

खलबत्ता यांचा प्रतिसाद

काकू, आपल्या दुसऱ्या प्रश्नाला मी उत्तर देते, कारण माझी धाकटी जाऊ व्हीगन आहे आणि आमच्या एकत्र घरात सहा वर्षे एकाच ओट्यावर सगळ्यांचा स्वयंपाक होतो आहे.

मला आधी जो शोध लागला तो असा की, आपल्या रोजच्या मराठी स्वयंपाकात दूधदुभते फार वेळा शेवटी आणि वरून येते. वरण शिजते पाण्यात, तूप पानात पडते. थालीपीठ भाजणीचे असते, लोण्याचा गोळा नंतर येतो. पिठले, झुणका, भाकरी, ठेचा, मटकीची उसळ, डाळिंब्या, भरली वांगी, अळूचे फदफदे, कोथिंबीर वडी, कांदेपोहे, काळ्या वाटाण्याचे सांबार यांत दुधाचा थेंबही नाही. त्यामुळे वेगळा स्वयंपाक करायचा नाही, फक्त या दोघींचे वाढप आधी काढून ठेवायचे. आमटी-वरणाला फोडणी तेलाची द्यायची आणि तूप प्रत्येकाच्या पानात वाढायचे. पोळ्यांना मोहन तेलाचे आणि वरून लावायलाही तेलच. साबुदाण्याची खिचडी शेंगदाण्याच्या तेलात तितकीच चांगली होते. एवढ्यावर मेसचे बहुतेक दिवस सहज निघतील.

दह्याची कोशिंबीर जिथे अडते तिथे खमंग काकडी करा: चोचवलेली काकडी, दाण्याचे कूट, ओले खोबरे, लिंबू आणि हिंग-मिरचीची तेलातली फोडणी. ही सर्वांनाच आवडते, म्हणजे दोन प्रकार करण्याची गरज नाही. कढी-ताकाच्या दिवशी सोलकढी द्या. पनीरच्या भाजीच्या दिवशी त्या दोघींच्या वाटणीला त्याच रश्शात उकडलेले छोले किंवा सोयाबीनच्या वड्या घाला, मात्र रस्सा काजू-खसखशीचा असावा, साय घालायची ती नंतर बाकीच्यांच्या भांड्यात.

फीस्टच्या गोडाविषयी. उन्हाळ्यात आमरस आणि पोळी यासारखे दुसरे काही नाही. पुरणात दूध लागत नाही. पुरणपोळी तेलावर भाजून नारळाच्या दुधाबरोबर वाढली तर कोकणातले कोणीही ती परकी मानणार नाही. गूळ घातलेल्या नारळाच्या रसातले शिरवाळे, हळदीच्या पानातल्या पातोळ्या आणि उकडीत आणि वरून तूप न घेतलेले उकडीचे मोदक हे तर मुळातच व्हीगन आहेत. थंडीत ओले खोबरे आणि गुळाचे अळिवाचे लाडू करा, फक्त अळीव दुधाऐवजी नारळाच्या पाण्यात भिजवा.

श्रीखंडाची मात्र खरी अडचण आहे आणि त्यावर आमच्याकडे बऱ्याच प्रयत्नांनंतर जमलेला उपाय शेंगदाण्याच्या दह्याचा आहे. वाटीभर कच्चे शेंगदाणे रात्रभर भिजत घालावेत. सकाळी चोळून साले काढावीत, कारण साल राहिली तर दही तपकिरी दिसते आणि तुरट लागते. अडीच वाट्या पाण्यात अगदी गंधासारखे बारीक वाटून पंच्यातून पिळून घ्यावे. हे दूध जाड बुडाच्या पातेल्यात सतत ढवळत उकळावे. ते भराभर फेसाळून वर येते आणि तळाला पटकन लागते, म्हणून तिथून हलायचे नाही. कोमट झाले की आठ-दहा मिरच्यांचे देठ धुऊन त्यात सोडावेत आणि झाकून ठेवावे. देठांवरच्या जिवाणूंमुळेच विरजण लागते. पुण्याच्या हवेत उन्हाळ्यात आठ तास, थंडीत बारा तासही लागतात. पहिले दही थोडे सैल लागते, पण त्याचाच चमचाभर विरजण म्हणून वापरला की दुसऱ्या वेळेपासून घट्ट होते. ते टांगून ठेवून साखर, केशर, वेलची घातली तर दाण्याचा किंचित वास राहतो, आणि मी तो लपवत नाही. उरलेला चोथा थालीपिठाच्या भाजणीत मळावा.

साखरेचे उत्तर: परदेशात काही ठिकाणी साखर हाडांच्या कोळशातून गाळतात, त्यावरून ही शंका येते. आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत उसाचा रस चुना आणि गंधकाच्या धुराने साफ होतो. तरी मुलींना शंका असेल तर गूळ वापरावा.

आहारविचार यांचा प्रतिसाद

मी आहारतज्ज्ञ आहे आणि काकूंच्या तिसऱ्या प्रश्नाला थेट उत्तर देणे माझे कर्तव्य समजते. व्हीगन आहारावर तरुण मुली निरोगी राहू शकतात, पण बी-१२ जीवनसत्त्वाची गोळी घेतल्याशिवाय नाही. या एका मुद्द्यावर कोणतीही तडजोड मी सुचवणार नाही.

बी-१२ कोणतीही वनस्पती तयार करत नाही, प्राणीही करत नाहीत; ते फक्त काही सूक्ष्म जीव तयार करतात आणि प्राण्यांच्या शरीरातून ते आपल्यापर्यंत पोहोचते. आंबवलेली इडली, स्पिरुलिना, सेंद्रिय भाजी यांतून ते मिळते, असे वारंवार लिहिले जाते. त्यावर विसंबू नये. स्पिरुलिनात जे असते त्याचा बहुतांश भाग आपल्या शरीराला निरुपयोगी असतो. गोळीतले बी-१२ जिवाणूंच्या किण्वनातून तयार होते, म्हणून ते व्हीगन माणसालाही चालते. फक्त जिलेटिनच्या कॅप्सूलऐवजी साधी गोळी मागावी.

काकू, आपल्याला दूध-दही खाऊनही कमतरता झाली यात मला नवल वाटत नाही. प्रौढ माणसाची रोजची गरज दोन ते अडीच मायक्रोग्रॅम असते, आणि शंभर मिलिलिटर दुधात साधारण अर्धा मायक्रोग्रॅमच्या आत-बाहेर असते. चहापुरते दूध आणि वाटीभर ताक यातून ती गरज भागत नाही. आपल्या पुण्यातच डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी के.ई.एम. रुग्णालयातून १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. त्यात सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी आढळले, आणि ज्या मातांमध्ये ते कमी व फोलेट (फॉलिक अ‍ॅसिड ज्याचे गोळीतले रूप, ते जीवनसत्त्व) जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला होणारा प्रतिरोध, म्हणजे शरीराने इन्शुलिनला नीट दाद न देणे, सर्वांत जास्त दिसला. त्या स्त्रिया व्हीगन नव्हत्या. म्हणजे हा प्रश्न केवळ आपल्या दोन मुलींचा नसून आपल्या पंगतीतल्या बऱ्याच जणांचा आहे.

यकृतात बी-१२चा साठा काही वर्षे पुरतो, त्यामुळे दूध सोडल्यावर लगेच काहीच जाणवत नाही आणि माणूस निर्धास्त होतो. नंतर हातापायांना मुंग्या येणे, जिभेची आग होणे, थकवा आणि विसरभोळेपणा सुरू होतो. नुसते फॉलिक अ‍ॅसिड घेतले तर रक्त सुधारलेले दिसते, पण नसांचे नुकसान आत चालूच राहते. म्हणून मुलींना एकदा रक्ततपासणी करून डॉक्टरांकडून गोळीची मात्रा ठरवून घ्यायला सांगा. पुढे कधी गरोदरपणाचा विचार असेल तर ही खबरदारी दुप्पट महत्त्वाची आहे, कारण आईत कमतरता असेल तर अंगावर पिणाऱ्या बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो.

बाकीच्या गोष्टी आपल्या डब्यातून साधता येतील. प्रथिनांसाठी दोन्ही वेळा घट्ट वरण किंवा उसळ हवी. पातळ वरणाची वाटी पुरेशी नाही. भात-पोळीत जे अमिनो आम्ल कमी असते ते डाळीत भरपूर असते आणि डाळीत जे कमी ते धान्यात असते, त्यामुळे वरणभात ही जोडी योग्यच आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तेवढ्याच दुधात १२० च्या आसपास. मात्र नाचणीतले सगळे अंगी लागत नाही, म्हणून आठवड्यातून तीन-चारदा नाचणीची भाकरी आणि रोज तिळाची चटणी द्यावी. तिळात नाचणीच्या दुपटीहून अधिक कॅल्शियम असते. जवसाची चटणीही रोज चमचाभर असावी, कारण माशांतून मिळणाऱ्या ओमेगा-३ स्निग्धाम्लांचा वनस्पतीजन्य भाऊबंद तिच्यात असतो. पोह्यांवर लिंबू पिळल्याने लोह चांगले शोषले जाते, आणि जेवणाबरोबर चहा घेतल्याने ते अडते. ड जीवनसत्त्वाची गोळी लागलीच तर बाजारातले बहुतेक डी-३ मेंढीच्या लोकरीतील मेणापासून बनते, हे मुलींना ठाऊक असावे. दगडफुलाच्या जातीपासून केलेलेही मिळते.

गोठ्यावरून यांचा प्रतिसाद

मी संगमनेर भागातला दूध उत्पादक आहे. माझ्याकडे नऊ संकरित गायी आणि दोन म्हशी आहेत. वर हिरवी_वाट ताईंनी लिहिलेले वाचून प्रथम वाईट वाटले, मग दोन दिवस विचार करून हे लिहितो आहे.

गोऱ्ह्याचा प्रश्न त्यांनी विचारला आहे आणि तो खरा आहे. माझ्या वडिलांच्या वेळी खिल्लार गाईला गोऱ्हा झाला की पेढे वाटत, कारण तो औताला जाणार असे. आता औत ट्रॅक्टरला आहे आणि संकरित गोऱ्ह्याला ना वशिंड ना उन्हात टिकण्याची ताकद. २०१५ पासून बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला राज्यात बंदी आहे, त्यामुळे विकायचा मार्ग उरला नाही. दुधाच्या दरात त्याला वर्षानुवर्षे पोसणे लहान शेतकऱ्याला शक्य नाही. रात्री कोणीतरी गोऱ्हा रस्त्यावर सोडून जातो, ही गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी मोठ्याने बोलत नाही. रेडकाला तर पुरेसे दूधच मिळत नाही, ते झिजून जाते. मी गेली काही वर्षे लिंगनिश्चित रेतमात्रा वापरतो, तिच्यामुळे बहुतेक कालवडीच होतात. खर्च जास्त आहे, तरी मन शांत राहते.

पण सगळे गोठे एकसारखे समजू नयेत, एवढी विनंती आहे. व्यालेल्या गाईचा चीक आधी वासराला पोटभर पाजतो, खरवसाला नंतर. २०२२ मध्ये गुरांच्या लम्पी त्वचारोगाची साथ आली तेव्हा माझी बायको आजारी गाईजवळ तीन रात्री बसून होती. आमच्या वाडीत एक विधवा बाई दोन म्हशींवर मुलांना शिकवते. तिने उद्या काय विकावे, याचे उत्तर शहरातल्या व्हीगन मंडळींनी शोधावे असे मला मनापासून वाटते. मी स्वतः दूध सोडणार नाही. दूध खाणाऱ्या माणसाने मात्र गोऱ्ह्याचे काय होते हे माहीत करून घेऊन मग खावे, हे ताईंचे म्हणणे मला मान्य आहे.

आणखी एक. आमच्या भागात सोयाबीन पिकते, पण तेल काढल्यावर त्याची पेंड कोंबड्यांच्या खाद्याला जाते. काकूंच्या मेससारख्या ठिकाणी सोयाबीन थेट माणसाच्या ताटात आले, तर ते मला आवडेल.

हिरवी_वाट यांचा प्रतिसाद

दादा, आपण हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. त्या बाईंच्या प्रश्नाचे तयार उत्तर माझ्याजवळ नाही. माझा राग दोन म्हशी पाळणाऱ्यावर कधीच नव्हता. दूध स्वस्तात हवे आणि गोऱ्हा डोळ्यांसमोर नको, असे म्हणणाऱ्या आम्हा शहरातल्या गिऱ्हाइकांवर तो आहे, आणि अकरा वर्षांपूर्वीपर्यंत मीही त्यांतलीच होते.

स्वयंपाकघरातून यांचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. सोमवारपासून वरण-आमटीची फोडणी तेलाची सुरू केली आणि तुपाचे भांडे चमच्यासकट पंगतीत ठेवले, ज्याला हवे त्याने घ्यावे. बुधवारी नाचणीची भाकरी, मटकीची उसळ, खमंग काकडी आणि तिळाची चटणी होती. दोघींची ताटे स्वच्छ आली आणि बाकीच्या मुलांनी काकडी दोनदा मागून घेतली. रक्ततपासणीचे दोघींना सांगितले आहे. त्यांच्याबरोबर मेसमधली आणखी चार मुले येत्या शनिवारी जाणार आहेत, त्यांतले तिघे रोज दूध पिणारे आहेत. मीही पुन्हा तपासून घेणार आहे.

रविवारच्या फीस्टसाठी शेंगदाण्याचे दही लावून पाहायचे ठरवले आहे. पंधरा-वीस पानांसाठी किती दाणे भिजवावे लागतील, आणि देठ हिरव्या मिरचीचेच हवेत की सुक्या लाल मिरचीचेही चालतात, एवढे खलबत्ता ताईंनी सांगावे.

खलबत्ता यांचा प्रतिसाद

काकू, ताज्या हिरव्या मिरचीचे घ्या आणि देठाला मिरचीची टोपी तशीच राहू द्या. पहिल्याच वेळी पंधरा-वीस पानांचा घाट घालू नका. आज रात्री दोन वाट्या दाणे भिजत घाला, त्यातून विरजणापुरते दही तयार होईल. मग शुक्रवारी रात्री किलोभर दाणे भिजवा, शनिवारी सकाळी दूध काढून दही लावा आणि रात्री पंच्यात टांगून ठेवा. रविवारी सकाळपर्यंत चक्का होईल.